पपांच्या दारासाठी कुऱ्हाड

५ सप्टेंबर
पपा सुर्ल्याला न्हाणीत पडले. मार फार नाही, गुडघा सुजलाय. पण घराच्या दाराला आतून आडणा! भिंतीतून ओढायचा तो जुना लाकडी अडसर. शेजारचा दत्ताराम हाका मारून दमला, शेवटी कौलांचे नळे काढून छपरातून आत उतरला. मी पेडण्याहून म्हापसा, डिचोली करीत पोचले तेव्हा पपा खाटेवर बसून चहा पीत होते. वर दत्तारामलाच दम, "नळे सारके बसय हां, पावस आसा अजून."

६ सप्टें.
पेडण्याला चला म्हटले. नाही. एकटे असताना आडणा तरी घालू नका म्हटले. "आडणो घातल्याबगर माका न्हीद येना. तुझ्या आवयन सुद्धा कधी तो काडूंक सांगूंक ना." आईचे नाव निघाले की मी गप्प बसते, हे त्यांना पक्के ठाऊक.
परतताना मी बसमध्ये डोळे पुसत होते. पपा हवेत मला इथे. ओसरीवर पेपर चाळत, आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरत. बस्स, एवढेच.

१० सप्टें.
ह्यांचा तोडगा : आडणा सुटत नाही तर दार फोडायची सोय कर, दत्तारामकडे हत्यार असू दे. मोबाईलवर दाखवले. टॅक्टिकल टॉमहॉक. नाव मोठे, आहे लहान कुऱ्हाडच. एका बाजूला पाते, मागे चोच, दांड्याचे टोक चपटे, फटीत घालून उचकटायला. लोकांच्या मुली वडिलांना स्वेटर घेतात. हसू आले, मग रडूच.

१४ सप्टें.
तीन निवडून ठेवल्या होत्या. न राहवून पपांनाच फोटो पाठवले. खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते ना! फोन लगेच.
"पयली नाका. लाकडी दांडो. उचकटताना मोडतलो."
दुसरी?
"पातां बारीक. माझां दार फणसाचां, खोको न्हय. तिसरी घे. अखंड पोलाद आसा, दांडो लांब. जोर लांबयेन येता. आनि दत्तारामाक सांग, आडण्याच्या वाटेक जाव नाका. चोच बिजागरेकडे घाल म्हण."
"पपा, तुमचंच दार आहे हो ते."
"मागीर? दुसऱ्याचां फोडूंक सांगूं?"
आई गेल्यावर इतका वेळ कधी बोलले नव्हते. फोन ठेवावासाच वाटेना.

२१ सप्टें.
कुऱ्हाड घेऊन सुर्ल्याला. पपांनी धारेवर अंगठा फिरवला, जुन्या चौकटीची फळी एका झटक्यात उचकटून दाखवली. काय खूश! वाटले, हीच वेळ. "आता येता का माझ्याकडे?"
"आता कित्याक? आता सोय जाली न्हय?"
घ्या. पपांना तिथेच राहायला निमित्त मीच विकत घेऊन दिले. आपलेच दात, आपलेच ओठ. कुऱ्हाड दत्तारामकडे ठेवून आले.

२६ सप्टें.
सकाळी फोन उचलत नाहीत. तुळशीला पाणी, पूजा, मगच. तोवर मी मनात ते दार चार वेळा फोडून होते. शाळेत पोरांची हजेरी घेतानाही लक्ष तिकडेच. हे म्हणतात, दत्ताराम आहे ना. दत्ताराम आहे हो, मी नाही ना.

१ ऑक्टो. खंडेनवमी
संध्याकाळी दत्तारामचा फोन. आवाज पडलेला. "बाय, तुजे पपा कुराड घेवन गेले. पुजेक लावतां म्हणाक लागले."
लगेच पपांना लावला. पाने, हातोड्या सगळे मांडलेय म्हणे, झेंडू वाहिलाय, मध्ये कुऱ्हाड. "नवां हत्यार. तेका पुजूंक नाका?"
पुजा हो, पण आता दत्तारामला परत द्या.
"पुजिल्लां हत्यार दसऱ्यामेरेन हालयनात. आनि तेका दिवचां ना. तुझां तां. तू येवन व्हर."
ये म्हणाले. आई गेल्यापासून आपणहून पहिल्यांदाच. उद्या येते म्हटले, आणि धीर करून विचारले, परतताना तुम्ही याल माझ्याबरोबर? पपांनी टीव्ही बारीक केला. मग, "तू यो तर आदी."
पहिली बस धरायची. आज मात्र आडणा आत, पपा आत, आणि कुऱ्हाडही आतच.