पाठवणारा : घरातील व्यक्ती

दि. २ फेब्रुवारी
ऑफिस, दुपारची सुट्टी

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. फुगव. इथे आवकच्या टेबलावर दिवसाला दोनशे पाकिटं येतात. शिक्के मारून आणि रजिस्टरात नोंदी करून हात भरून येतो, मग स्वतःचं पत्र राहूनच जातं. शिंप्याचा सदरा नेहमी उसवलेला, तशातली गत.

घरचं म्हणशील तर हलायचं पक्कं झालं. ह्यांचे गुडघे आता चार जिने ऐकत नाहीत. दोन महिने झाले, ते खाली उतरलेले नाहीत. दिवसभर खिडकीत बसून कोण कुठे गाडी वाकडी लावतो ते मला सांगत असतात. तळमजल्यावरचं घर मिळालंय, अठ्ठावीस तारखेला इथल्या किल्ल्या द्यायच्या. तुझ्या दादाची खोली रिकामी करायलाही मी एकदाची हो म्हटलं. अकरा वर्षं झाली तो घर सोडून गेल्याला. बापाशी भांडून माझा बावीस वर्षांचा मुलगा निघाला, दुसऱ्या वर्षी ‘बरा आहे’ एवढं एक पत्र, तेही बिनपत्त्याचं, आणि मग काही नाही. किती दिवस त्या खोलीला झाडू मारत बसू?

आता तुझ्याकडचं काम. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या मेलवर मला एक निरोप आला. आपल्या नावचे टपाल पोचते न झाल्याने आमच्याकडे पडून आहे, पाठवणारा : घरातील व्यक्ती, पाहण्यासाठी पासवर्ड टाका. मी टाकला. चुकला म्हणे. एकूण चारदा टाकला. मग त्याच पत्त्यावर लिहिलं, की टपाल कृपया परत पाठवू नका, मी स्वतः येऊन घेऊन जाते, ओळखपत्र आणते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ती म्हणे परीक्षा होती, कर्मचारी फसतात की नाही ते बघायला बाहेरच्या लोकांनी घेतलेली, आणि मी नापास. माझा मेल बंद केलाय. प्रशिक्षणाला बसेन तेव्हा उघडतील. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणी मला वर्गाबाहेर उभं केलं.

ते जाऊ दे. तू नेटवर्क आणि त्याची राखणदारी हेच शिकतेस म्हणून विचारते. असं नसेल ना, की टपाल खरंच कुठेतरी आलं असेल आणि या लोकांनी त्याचाच उपयोग करून परीक्षा घेतली असेल? नाहीतर ‘घरातील व्यक्ती’ असं कोण कशाला लिहील? बक्षीस लागलं असं लिहितात, ठाऊक आहे मला, त्याला मी भुलले नसते. तेवढं शोधून कळव. फोन करू नकोस. हे शेजारीच असतात आणि त्याचा विषय काढलेला त्यांना खपत नाही. पत्र ऑफिसच्याच पत्त्यावर टाक.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या


दि. ९ फेब्रुवारी
हॉस्टेल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आतोबांच्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. त्यांना सांग, गाड्या वाकड्या लावणाऱ्यांची यादी करून ठेवा, मी आले की दोघं मिळून दंड करू.

इथे प्रॅक्टिकलचा सपाटा चालू आहे. केबलच्या टोकाला जोडणी बसवायला शिकलो. आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने सरळ करून, एका रेषेत कापून, पक्कडीने दाबायच्या. एक तार इकडची तिकडे झाली की दिवा लागत नाही. माझी पहिली सात टोकं कचऱ्यात गेली. मग एका मशीनने दुसऱ्याला हाक मारायची. दुसरं उत्तर देतं, ते किती वेळात आलं ते पडद्यावर दिसतं. उत्तर नाही आलं तर पहिलं मशीन ठराविक वेळ थांबतं आणि नाद सोडतं. मला हे प्रॅक्टिकल फार आवडायचं.

तू विचारलंस त्याची चौकशी करते. थोडा वेळ लागेल. तोवर आवराआवर थांबवू नकोस, आतोबांना खाली न्यायचं आहे ना. आणि आत्या, त्या निरोपाचा फार विचार करू नकोस.

अक्षर घाईचं आहे, माफ कर.
भिंगरी


दि. १४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एरवी चार पानं भरून लिहिणारी तू, आणि हे एवढंसं. पण तू नाही म्हणाली नाहीस. खोटंच असतं तर तू ‘आत्या, खुळी आहेस’ असं पहिल्याच ओळीत लिहिलं असतंस, मी काय तुला आज ओळखते? बाप बदल्यांवर हिंडत होता तेव्हा चार वर्षं माझ्या हाताखाली होतीस. तू चौकशी करतेस म्हणजे चौकशी करण्यासारखं काही आहे.

मोठ्या टपाल कार्यालयात जाऊन आले. पोचतं न झालेलं टपाल कुठे ठेवतात ते विचारलं. खिडकीतल्या बाईंनी नाव, घरचा पत्ता, सगळं लिहून घेतलं. चांगल्या होत्या. त्यांच्याकडे काही नव्हतं, पण दुसरीकडे असू शकतं म्हणाल्या.

आणि मी ह्यांना सांगून टाकलं की मी हलणार नाही. कारण नाही सांगितलं. टपालावर पत्ता इथलाच असणार, आणि तो आला तर चार जिने चढून इथेच येणार. दाराला परक्याचं कुलूप बघून परत फिरला, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? हे भांडले असते तर बरं झालं असतं. काल जिन्यापर्यंत गेले, कठडा धरून उभे राहिले आणि परत येऊन बसले. मला सगळं कळतं गं, पण माझा पाय निघत नाही. खोक्यांतून त्याची पुस्तकं काढून पुन्हा फळीवर लावली.

तुमच्या त्या मशीनचं मात्र मला पटलं नाही. ठराविक वेळ म्हणजे किती? आणि ते ठरवतं कोण?

लवकर कळव, अठ्ठावीसच्या आत.
आत्या


दि. १८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

टपाल आलेलं नाही. कुठेच नाही. दुसरीकडेही नाही. तो निरोप मी लिहिला होता.

आमच्या अभ्यासक्रमात हे असतं. चोर कसा गळ टाकतो ते कळल्याशिवाय राखण करता येत नाही, म्हणून आम्हीच गळ लिहायचे आणि विभाग ते काही ऑफिसांना पाठवणार, त्यांच्या साहेबांची परवानगी घेऊन. कुठली ऑफिसं ते आम्हाला सांगत नाहीत, माणसांची नावं दाखवत नाहीत. सगळ्यांनी बक्षिसं आणि बंद होणारी खाती लिहिली. सर म्हणाले, याला आता कुणी फसत नाही, माणूस कशासाठी धावत सुटतो ते लिहा. आणि मला तू दिसलीस. मी तुझ्याकडे राहायचे तेव्हा दारात पाकीट पडल्याचा आवाज आला की तू हातातलं टाकून धावायचीस. तुझं ऑफिस यादीत आहे हे मला माहीत नव्हतं, पण वाक्य मी तुझ्याकडूनच घेतलं. ते चालेल हे मला माहीत होतं, कारण ते चालताना मी चार वर्षं पाहिलं होतं.

अजून एक सांगायचं आहे, नाहीतर ते मला खात राहील. निकाल वर्गात पडद्यावर दाखवला. आवक विभागातल्या एका कर्मचाऱ्याने चारदा पासवर्ड दिला आणि वर ‘परत पाठवू नका, मी येऊन घेऊन जाते’ असं उत्तर लिहिलं, हे सरांनी वाचून दाखवलं. वर्ग हसला. मीही हसले, आत्या. सगळ्यात जास्त गुण मला मिळाले. पुढच्या आठवड्यात तुझं पत्र आलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही, म्हणून तुला केबलच्या गोष्टी सांगत बसले. त्यामुळे तू टपाल कार्यालयात गेलीस, पुस्तकं परत लावलीस. गुण काढून घ्या म्हणून सरांकडे गेले होते. ते म्हणाले, खरे चोर याहून वाईट लिहितात, तुमच्या आत्याबाई निदान आमच्या हाताला लागल्या. ते खरंही आहे. तरी मला ते ऐकवेना.

माफी मागायला तोंड नाही. एवढंच मागते, की माझ्या खोट्यापायी आतोबांना चार जिन्यांवर अडकवून ठेवू नकोस. अठ्ठावीसला खाली उतरा.

भिंगरी


दि. ५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

आम्ही खाली उतरलो. दोघा हमालांनी ह्यांना खुर्चीसकट उचललं. हे त्यांना प्रत्येक वळणावर सूचना देत होते. सात पेट्या आणल्या, त्यातल्या दोन त्याच्या.

तुझं पत्र वाचून मला राग आला. तुझ्या वाक्याचा नाही एवढा, ते कामच आहे तुमचं. तू हसलीस त्याचाही नाही, नाव माहीत नसताना मीही हसले असते. मला राग आला तो केबलच्या पत्राचा. ‘थोडा वेळ लागेल’ असं तू लिहिलंस, आणि त्या थोड्या वेळात मी अकरा वर्षांत नव्हते तेवढी सुखात होते. ते नऊ दिवस मला परत देता येत नाहीत आणि विसरताही येत नाहीत. खरं सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा का होईना.

ह्यांना सगळं सांगितलं. हलायला मी आधी का नाही म्हणत होते, आता का हो म्हणते, ते सांगावंच लागलं. मला वाटलं ओरडतील. अकरा वर्षांत त्या माणसाने पोराचं नाव घेतलेलं नाही. ते म्हणाले, निरोप पूर्ण म्हणून दाखव. मी दाखवला, पाठच आहे. मग खिडकीबाहेर बघत हळूच विचारलं, खाली तारीख होती का. मी म्हटलं, अहो, खोटा होता तो, आपल्या भिंगरीने लिहिलेला. म्हणाले, ते कळलं मला, पण तारीख होती का.

अभ्यास सोडायचं वगैरे डोक्यात आणू नकोस. शीक, आणि नीट शीक. पण एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. परवा आवकच्या गठ्ठ्यात माझ्या नावचं पाकीट दिसलं. हात थांबला, आणि मग अक्षर तुझं निघालं. न उघडताच ते खणात ठेवलंय. तुझं पत्र बघून मला कधी वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं, पण वाटलं. म्हणून थोडे दिवस तू लिहू नकोस. किती ते मला आत्ता सांगता येत नाही. माझ्या नावचं पाकीट आलं तर ते त्याचंच असेल, एवढं तरी मला राहू दे.

लोभ आहे, तो कुठे जात नाही.
आत्या