पाचशे अंशांची बेरीज

४ डिसेंबर, सकाळ
मुलगा तीन आठवडे ट्रेनिंगला गेला. मत्स्यपालनाच्या शेडची चावी पहिल्यांदाच माझ्या कमरेला. हौदातले मासे तपासणीत पास झाले तर कायमची माझी, असं कबूल करून घेतलंय. रोजनिशी मी सांगते, सून लिहिते. लिहिताना वाचायचं नाही, अशी तिला ताकीद आहे.

मासे आजारी होते, औषध काल संपलं. माशांचा डॉक्टर म्हणाला, अँटिबायोटिक अंगातून उतरेपर्यंत एकही विकायचा नाही. रोज पाण्याचं टेम्परेचर मांडा, बेरीज पाचशे झाली की उतरलं. आज वीस. म्हणजे पंचवीस दिवस! माझ्या हाताखाली एवढा वेळ लागायचा नाही. व्यापाऱ्याला सोळा तारीख देऊन टाकली.

५ डिसेंबर
औषध धुऊनच काढायचं ठरवलं. दिवसभर विहिरीचं गार पाणी सोडलं. मासे तळाशी गपगार बसले. मोकळं वाटत असणार.
थर्मामीटर पंधरा. यंत्राचा आगाऊपणा.

६ डिसेंबर
थर्मामीटर चहात बुडवला. पन्नास! सून म्हणाली, अहो आई, चहा तुमचा, मासे हौदात, मग बेरीज कुणाची? म्हटलं, तू आकडा मांड. चहा प्यायले. वास होता जरा.

१० डिसेंबर
पाणी गार, चहा गरम, दोन्ही चालू. मासे खात नाहीत. वजन सांभाळत असतील. सुनेनंही चहा सोडलाय.

१५ डिसेंबर
पाचशे पस्तीस! पस्तीस तर वरचे.

१६ डिसेंबर
डॉक्टर नमुन्याला मासे घेऊन गेला. वही बघून विचारत होता, पाणी पन्नास अंश? म्हटलं, रोज. मग मासे जिवंत कसे, म्हणाला. असल्या शंका शिकलेल्यांनाच येतात.

१९ डिसेंबर, दुपारी
रिपोर्ट आला. मांसात औषध भरपूर. डॉक्टर म्हणाला, ते अंगाला चिकटलेलं नसतं धुवायला. पोटातून रक्तात जातं, रक्तातून मांसात, आणि मग यकृत, मूत्रपिंड ते हळूहळू बाहेर काढतात. पाणी गार झालं की मासा मंदावतो, औषधही आत रेंगाळतं.
म्हणजे मी जे विहिरीचं पाणी... हे लिहू नकोस.
सोळापासून रिपोर्टसाठी थांबवलेला व्यापारी रिकामी गाडी घेऊन गेला. मुलगा ट्रेनिंग अर्धवट टाकून आला.

२० डिसेंबर
चावी सुनेकडे. मीच दिली, मुलानं तिसऱ्यांदा मागितल्यावर. हौदापासून दहा हातांवर माझी खुर्ची ठेवलीय, तोंड भिंतीकडे. देखरेखीला एकाग्रता लागते.