चहाच्या तीन भेटी, चौथी मालाची

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, १२ एप्रिल २०२६

चि. सिद्धेश्वरीस चनमल्लप्पामामाचे अ. उ. आ.

तुझ्या बिराजदार मॅडम मला आजवर केवढ्याला पडल्या, ते आधी ऐक. तीन रविवारच्या दुपारच्या झोपा, सात रस्ता चौकापलीकडं भर उन्हात तीन चकरा, आणि साखर सोडून दोन वर्षं झालेल्या माणसानं प्यालेले तीन कप गोड चहा. शेवटचं तुझ्या मामीला कळवू नकोस.

फोनवर तू बरी आहे म्हणालीस, पण ते ‘बरी’ मला लई ओलं वाटलं. पोत्यातून ज्वारी पडताना नुसत्या आवाजावर ओल ओळखणारा माणूस मी. म्हणून हे पत्र.

पीएच.डी.ला गाईड मिळवायची मुदत तीस तारखेपर्यंत म्हणतेस. असू दे. पण तू आपण होऊन मॅडमना विचारायचं नाही. गरज दिसली की भाव पडतो. मी हमाली करता करता आडत टाकली ती एका नियमावर : नव्या पार्टीकडं पहिल्या तीन भेटी चहाच्या, चौथी मालाची. तीन झाल्या, तुझं नाव एकदाही काढलं नाही. आणि गुण बघ. पहिल्याच दिवशी फाटकापाशी उभा राहिलो, तर बाईंनी स्वतः आत बोलावलं, वरचा मजला दाखवला, गच्ची दाखवली, नळाला किती दिवसांनी पाणी येतं तेही सांगितलं. वर ‘ऊट आयतेनु’, जेवण झालं का, अशी कानडीत विचारपूस! तोंड न उघडता एवढा मान मिळवणारा या गावात चनमल्लप्पा एकटाच.

पुढच्या रविवारी बसवजयंतीची गडबड आहे. सव्वीसला चौथी भेट. काम झालंच समज.

तुझा,
चनमल्लप्पामामा


नातेपुते
१५ एप्रिल

ती. मामांस सिद्धेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

ओल तुम्ही बरोबर ओळखलीत. मामा, तुम्ही सव्वीसला बोलणार आणि तीसला मुदत संपणार. मधल्या चार दिवसांत संमतीपत्र, सही, शिक्का कसं व्हायचं? आधीचे एक सर निवृत्त झाले, दुसऱ्यांच्या जागा भरल्या. तीस तारीख गेली की प्रवेश परीक्षेपासून पुन्हा सुरुवात.

इथे मी तासिका तत्त्वावर शिकवते. जूनमध्ये पीएच.डी.ची नोंदणी झालेल्यांना आधी तास देणार, असं प्राचार्यांनी सांगून टाकलंय. म्हणजे गाईड नाही तर वर्गही नाही. फळ्यासमोर उभं राहिलं की मला माझी मी सापडते. तेवढं जाऊ नये.

विषय आमच्या आठवडे बाजाराचा, म्हणून भाजीवाल्या सोजरबाई दर बाजारी विचारतात, व्हय गं बाई, आमचं कवा लिवणार? त्यांना काय सांगू? मी मॅडमना सरळ विचारू का? रागावू नका.

मामींना नमस्कार.

तुमची,
सिद्धेश्वरी


शुक्रवार पेठ
१८ एप्रिल

चि. सिद्धेश्वरीस अ. आ.

विचारू नकोस. पिकत घातलेला आंबा रोज दाबून बघत नाहीत.

तुझी मामी म्हणते, पोरीचं शिक्षण जमवताय की लग्न, एकदा विचारून मोकळे व्हा की. आडतीतलं तुला काय कळतं म्हणून मी दुकानावर निघून आलो. पण खरं सांगतो, दुपारची भाकरी गोड लागली नाही. माझ्यापायी तुझा वर्ग गेला तर तुझी मामी मला घरात घ्यायची नाही, आणि मीही जायचा नाही.

आठच दिवस कळ काढ.

तुझा,
मामा


नातेपुते
२४ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सही झाली! संमतीपत्र मॅडम स्वतः सोबत घेऊन गेल्या आणि विद्यापीठात जमा केल्याचं आज दुपारी कळवलं.

तुमचं ऐकलं नाही, त्याची माफी मागते. काल त्या आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायला आल्या होत्या. दुसरे परीक्षक पोचायचे होते, म्हणून माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. नेमकं एका मुलीनं विचारलं, बाजार उठताना मेथी स्वस्त होते, मग लसूण का होत नाही? पुस्तकातलं उत्तर मला माहीत होतं, पण ते इथल्या बाजाराला लागू पडतं का, ते माहीत नव्हतं. ठाऊक नाही, सोजरबाईंना विचारून सांगते, असं म्हणाले आणि मनात म्हटलं, संपलं.

तास सुटल्यावर मॅडम म्हणाल्या की, ठाऊक नाही असं वर्गात म्हणणारं माणूस लई दिवसांनी भेटलं. मग मी मागचापुढचा विचार न करता विचारून टाकलं, माझ्या गाईड व्हाल का? त्यांच्याकडे एक जागा जानेवारीपासून रिकामी होती. या विषयासाठी कुणी विचारलंच नाही, म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी स्टाफरूमच्या पायरीवर बसून रडले आणि मग दोन वडे खाल्ले. आठ दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती.

मामींना आजच सांगा. माझ्यावरची माया रागातही पातळ करू नका.

तुमची,
सिद्धेश्वरी

ता. क. : सोलापुरात राहायला कुठे खोली मिळेल का, असं मी मॅडमना विचारलं. त्यांच्या वरच्या मजल्यावर होती, पण शुक्रवार पेठेतले एक गृहस्थ तीन रविवार येऊन बघून गेलेत, म्हणाल्या. बोलत नाहीत, शांत माणूस दिसतो. एक मेपासून खोली तुम्हाला दिली आहे.