तात्यांनी पाडलेलं भोक

भटवाडी, घाटकोपर (प.)
१९ नोव्हेंबर १९८८

चि. चंद्रप्रकाश यास शेवंतीताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मस्कतचा उकाडा कमी झाला, जेवणाला नवा आचारी आला, वाचून बरं वाटलं. इथे नळाला पाणी अजून तसंच, चमचा चमचा. शेजारच्या द्रौपदीकाकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. झाल्या बातम्या. आता भांडते.

तू लिहितोस, ‘पार्ट बसत नसले तर थोडं ॲडजस्ट करून घ्यायचं असतं.’ काय काय ॲडजस्ट करू, सांग ना. फ्लॉपी ड्राइव्ह कुणा नर्सबाईंच्या बॅगेतून आला, त्याच्याबरोबर स्क्रू नाहीत. आपल्याकडचे घातले तर अर्ध्यात अडकतात. पॉवर सप्लायचं बटण तात्यांनी केलेल्या पेटीच्या पत्र्याआड जातं, ते दाबायला पेन्सिल खुपसावी लागते. डिस्प्ले कार्ड एका टोकाला बसवलं की दुसऱ्या टोकाला उचकटतं. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा कोंबलास आणि तुझ्या मते बहिणीला कॉम्प्युटर मिळाला. माझ्या टायपिंग क्लासच्या मुली एकेक करून स्टेशनसमोरच्या कॉम्प्युटर क्लासला चालल्या म्हणून मी तुझ्याकडे शब्द टाकला होता. आता वाटतं, टाकलाच नसता तर बरं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. तुझ्या पत्रातली पुढची ओळ नाही सोसवत.

तुझं पत्र आलं की मी मोठ्याने वाचते आणि तात्या डोळे मिटून ऐकतात, तुला ठाऊक आहे. या खेपेलाही तसंच. मी वाचत सुटले आणि ‘तात्यांना पुन्हा’ एवढं तोंडातून गेलं, मग पुढचं दिसलं. ‘तात्यांना पुन्हा हात लावू देऊ नकोस. त्यांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही, माप चुकतं.’ मी थांबले. तात्या म्हणाले, “थांबलंस कित्याक?” मी म्हटलं, अक्षर लागत नाही. नंतर मी भाजी आणायला गेले तेव्हा त्यांनी ते स्वतः वाचलं असणार, कारण पत्र मी ठेवलं होतं तिथे नव्हतं.

आता नीट ऐक, कारण त्या दिवशी काय झालं ते मी तुला मागच्या पत्रात अर्धवटच कळवलं होतं.

तू बटर पेपरवर कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड ठेवून त्याची आकृती काढून पाठवलीस, भोकं कुठे कुठे आहेत ते दाखवलंस आणि लिहिलंस, ‘पेटी तात्याच करतील, त्यांच्यासारखा फिटर नाही.’ चंदू, संपानंतर मिल सुटली तेव्हापासून ते माणूस भिंतीला टेकून बसलं होतं. तो कागद हातात पडला आणि तात्या उठून दाढी करून साकीनाक्याला धाकू मेस्त्रीच्या गाळ्यावर गेले. पत्रा कापला, वाकवला, घासला, दोन हात राखाडी रंग दिला. ओटीवर ठेवलेली ती पेटी बघायला चाळीतली पोरं येत होती. धाकू तर म्हणाला, “गुणाजी, हे कॉम्प्युटरचं काम आता लई येणार. रोज ये, हा कोपरा तुझा.”

मग तुझा खोलीतला सोबती माणिक सुट्टीवर आला आणि बोर्ड घेऊन आला. बसेना. मागच्या बाजूची दोन भोकं जुळली, पुढचं एक पेटीतल्या पितळी स्टडपासून, स्क्रू बसतो त्या खुंटीपासून, बोटभर लांब. तात्यांनी फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, घाम पुसला. मी क्लासवर गेले. त्यांना तो हिरवा बोर्ड मिलमधल्या हायलमच्या पत्र्यासारखा, आत काही नसलेला, कोरा वाटला. भोक जुळत नाही तर नवीन पाडायचं, जन्मभर तेच केलं त्यांनी. मी परत आले तर हातड्रिल पुसून ठेवलेलं आणि चेहरा एवढा खुललेला. “बसलो मगे बोर्ड! झकास!” सगळे स्क्रू आवळलेले, बोर्ड कसा पाण्यासारखा सपाट.

सुरू केला तर पडद्यावर काहीच नाही. मी मुलुंडच्या एका टेक्निशियनला बोलावलं. त्याने बोर्ड खिडकीशी धरला, भोकाने तुटलेल्या बारीक रेघा मला दाखवल्या आणि हसायला लागला. “बाई, हे कुणी केलं? लोहाराने?” तात्या त्याच्यासाठी चहा घेऊन उभे होते.

मी त्यांच्यावर चिडले, हो. रंगवलेल्या पेटीला भोक पाडवलं नाही आणि बोर्डाला पाडलंत, असं तोंडावर बोलले. ते दुसऱ्या दिवशी धाकूकडे जाऊन सांगून आले, माझं माप चुकायला लागलंय, मी काही येत नाही. तेव्हापासून पुन्हा भिंत.

आणि गेल्या रविवारी माणिक निरोप घ्यायला आला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पोहे खाता खाता म्हणाला, “पहिला बोर्ड चंदूने मला दिला ना, मेव्हण्यासाठी. बोरिवलीला त्याच्या ऑफिसात मस्त चाललाय. तुमच्यासाठी मग त्याने हा दुसरा बघितला, जरा स्वस्तातला. म्हणाला, सगळे सारखेच असतात.”



तू आकृती एका बोर्डाची पाठवलीस आणि बोर्ड भलताच पाठवलास. ठीक आहे, दिला असशील मित्राला, त्याचा मला एवढा राग नाही. पण ‘भोक जुळत नव्हतं’ असं मी तुला लिहिलं तेव्हा का जुळलं नाही ते तुला तिथे बसून कळलं होतं. कळलं होतं ना? तरी तू पेन उचललंस आणि लिहिलंस की तात्यांचा हात. लाज कशी वाटली नाही रे तुला?

माणिक गेल्यावर मी तणतणत तात्यांकडे गेले. म्हटलं, ऐकलंत ना? तुमचं माप बरोबर होतं. चला आत्ताच्या आत्ता धाकूकडे. ते हलले नाहीत. म्हणाले, “ठाऊक आसा माका.”

टेक्निशियन येऊन गेला त्याच दिवशी त्यांनी तुझा कागद बोर्डावर ठेवून बघितला होता. मागची दोन भोकं जुळली, पुढचं कागदावरही तेवढंच बोटभर लांब. सगळं कळलं होतं त्यांना आणि तरी ते धाकूपुढे जाऊन स्वतःला नालायक म्हणून आले. मी ओरडले, का? तर म्हणाले,

“तेका काय सांगू, चेडवा? माझ्या झीलान फसवल्यान म्हणान सांगू? त्यापरीस हात चुकलो म्हटलेला बरा. हातार हसतले नि गप बसतले.”

मुलाला कुणी नावं ठेवू नये म्हणून हे सगळं. आणि वर मला शपथ घातली, खंय बोललंस तर बघ.

म्हणून मी धाकूला काही सांगू शकत नाही. चाळीत कुणाला सांगू शकत नाही. कालच द्रौपदीकाकू म्हणाल्या, “वय झालं गं त्यांचं,” आणि मी मान डोलावली. माझा इतका संताप झालाय की क्लासमध्ये मुलींवर खेकसते. शपथ मला आहे, तुला नाही. बोलू शकणारा तू एकटाच आहेस.

नवा बोर्ड पाठवू नकोस, मी घेणार नाही. धाकू मेस्त्रीला पत्र लिही. बोर्ड मी बदलला, कळवलं नाही, माझ्या बापाचं माप बरोबर होतं, एवढंच लिही आणि खाली सही कर. तात्यांना वेगळं लिही, त्यात काय लिहायचं ते तुझं तू बघ. कोपरा धाकूने अजून कुणाला दिलेला नाही, पण तो किती दिवस रिकामा ठेवील?

पाकिटावर तुझं नाव लिहिताना या वेळी माझा हात मध्येच थांबला. नुसतं ‘चंद्रप्रकाश परब’ लिहिलंय. टपालवाल्याला तेवढं पुरेल. मधलं नाव ज्यांचं आहे त्यांनी तुझ्यासाठी ते धाकूच्या गाळ्यात टाकून दिलं. ते उचलून आण, मग मी पुन्हा लिहीन.

शेवंती गुणाजी परब