तुझ्या नावापुढचा भोपळा

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा आहेत अजून. फोनच केला असता, पण आपल्या भिंती तुला माहीत आहेत. शेजारचे भट्टीवाले मामा शिंकले तरी आपल्याकडचा चहा हिंदकळतो. आणि हे त्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही.

चौकात तुझा निवडणुकीचा फोटो लागलाय. वाळलायस. कुणीतरी त्याच्या तोंडाला चुना फासला होता. निदान आपल्याच कारखान्याचा आहे, असं मनात आलं आणि हसू फुटलं. मग घरी येऊन भांडी घासताना रडले. पुसायला मात्र गेले नाही. तिथे चार जण उभे होते.

तुला आपली गल्ली अडाणी वाटते. तसं नाही रे. चुन्याच्या भट्ट्या बंद पडल्या तेव्हा तू कडेवर होतास. चूल पेटवायला आई शेजारणीकडून निखारा आणायची आणि वर शिजवायला काही नसायचं. ज्यांनी भट्ट्या पुन्हा पेटवल्या, त्यांना गल्ली तेव्हापासून मत देते. आई त्याच धुराने खोकून खोकून गेली, हे सगळ्यांना कळतं. पण तू भट्ट्या बंद करायच्या म्हणून उभा राहिलास तेव्हा बाबा काय म्हणाले ते आठवतंय ना? "खोकल्याने मरायला वेळ लागतो, भुकेने लागत नाही." तू ताटावरून उठलास, तो उठलासच.

मागच्या मतदानाला आम्ही नेहमीसारखे पाण्याच्या टाकीपाशी जमलो. पुढे बाबा, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. मुकादमकी सुटली तरी हा मान त्यांचाच. मागे सगळी गल्ली. निकालात आपल्या केंद्राचा आकडा वेगळा कळतो, आणि आपलं केंद्र म्हणजे आपलीच गल्ली. तुझ्या नावापुढे तिथे एक मत होतं. एकच. तू त्यावर काय समजलास कोण जाणे. मी दिलं असं वाटलं असेल, तर नाही, मी नव्हतं दिलं.

गल्लीला वाटलं, शिवणवाल्या काकूंनी दिलं. त्यांचा नवरा भट्टीवर कामातच वारलेला, त्या उघड बोलायच्या, मग काय! भांडण नाही, शिवीगाळ नाही. फक्त त्यांच्याकडे कपडे जायचे थांबले. काकू नळावर आल्या की बायका भरलेल्या घागरी पुन्हा विसळत बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. "मी नाही गं दिलं," एकदा मला म्हणाल्या, "द्यायला हवं होतं असं आता वाटतंय." शेवटी मशीन हातगाडीवर चढवून त्या भाचीकडे निघाल्या. मशीनला हात लावायला कुणी पुढे आलं नाही. बाबा गेले. एकटे गेले.

त्याच आठवड्यात कामगारांच्या सभेत बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "ते मत माझं होतं." मग मागून कुणीतरी म्हणालं, "मुकादम, म्हातारपणी काकू आवडल्या वाटतं!" आणि सगळा मांडव हसला. अरे, मारलं असतं तरी चाललं असतं त्यांना. बाबा तसेच उभे, सगळे हसताहेत, आणि भट्टीवाले मामा हाताला धरून खाली बसवताहेत, "बसा हो, कळलं आम्हाला."

घरी आल्यावर मला म्हणाले, "तू पण हसलीस?" मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "त्याचं म्हणणं मला अजून पटत नाही. पण पोराच्या नावापुढे भोपळा बघवला नसता." तुला कळवू का विचारलं, तर हातानेच नको म्हणाले. पावसाळ्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तू भेटायला आलास तेव्हा ते तोंड फिरवून पडले होते. ते रागाने नव्हतं. गळणारी लाळ तुला दिसू नये म्हणून होतं.

उद्या मतदान आहे. सोबतीला माणूस घेऊन त्यांना जाता येतं, खुर्ची मिळते, सगळं मी विचारून आले. सकाळपासून ते डाव्या हाताने खुंटीवरच्या सदऱ्याकडे बोट दाखवताहेत. पण आता काकू नाहीत. पुन्हा ते एक मत निघालं, तर या वेळी गल्ली ज्या दाराकडे बघेल ते आपलं असेल. माझा नवरा भट्टीवर आहे, पोरगी याच नळावर पाणी भरते. तू निवडणूक हरलास तर दुसरीकडे उभा राहशील. आम्हाला इथेच राहायचंय. म्हणून मी त्यांना नेणार नाही, आणि माझं मतही टाकीजवळच्या रांगेबरोबरच जाईल. निकालात आपल्या केंद्रावर तुझ्या नावापुढे भोपळा दिसेल. तो बाबांचा समजू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. तो माझा आहे. आत्ताच त्यांचा सदरा बादलीत भिजत घातला. पलंगावरून ते बादलीकडे बघताहेत, आणि मी तिकडे पाठ करून तुला लिहितेय.

तुझीच, तू रागावलास तरी तुझीच,
ताई