वाकड्या मानेचा मोर

सोलापूर, रविवार, दिवेलागण

पण कांताशी लग्नाआधी तिचं रक्त तपासायला हवं, हे आईला समजावणार कोण? मामाची पोरगी हक्काची, म्हणे, तिचं रक्त कशाला तपासायचं! माझ्या बहिणीचा, शांताचा, सिकलसेल हा रक्ताचा आजारही तिच्या मते कुणाच्या तरी नजरेनं झाला.

शांताच्या डॉक्टरीणबाई बोलल्या ते मला इथं चादरीच्या मागावर काम करताना उमगलं. चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत मोराची मान वाकडी. सूत चांगलं, कारागीर चांगला, तरी वाकडीच. तसंच अंगात जनुकावरून प्रथिन विणलं जातं. जनुकात एवढीशी चूक, अन् रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. जनुक आईकडून एक, बापाकडून एक. शांताचे दोन्ही चुकलेले. माझा एकच, म्हणून मी ठणठणीत. कांताचाही एक चुकलेला निघाला तर? आमच्या लेकरात दोन्ही चुकलेले उतरले तर?

मागच्या खेपेला अहमदपूरला मामाकडं गेलो, तेव्हा कांतालाच सरळ विचारलं, रक्त तपासून घेशील का.

"सुई मला टोचणार अन् घेरी तुला येणार," म्हणाली. लई हसली.

"अन् चुकलेला निघाला तर?"

"तर माझ्या लग्नात तू पंगतीला वाढायचं. बुंदी हात राखून वाढू नको म्हंजे झालं."

मलाही हसू आलं. आज मागावर वाकड्या मानेचा मोर दिसला तरी तीच आठवली, अन् एकटाच हसत बसलो.

लातूर नवा जिल्हा झाला, पण ही तपासणी अजून नांदेडलाच. दुष्काळात मामाकडं कुठला पैसा? कांता अन् मामीचं एसटीचं भाडं, वर सुई टोचल्यावर कांताला गरम भजे. उद्या मनीऑर्डर करतो, चाळीस रुपये.