करंट चालू असतानाची सही

बागबाजार, कोलकाता
भाऊबिजेनंतरचा मंगळवार

तीर्थरूप शकुनआत्या,

सलीलचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून; काकांच्या माळ्यावर सरळ बसलं की डोक्याला तुळई लागते.) तुझा डावा गुडघा कसा आहे? दुखरा उजवा असेल, तर तो कसा आहे? चार दिवसांसाठी इथे आलो, त्याला पाच महिने झाले. मध्ये एक नोकरी लागली आणि सुटली, ते बाबांना सांगू नकोस. फोन न करता पत्र, कारण चारुदत्तकाका म्हणतात तोंडी बोलणं पुरावा होत नाही. बँकेच्या कायदा खात्यातला माणूस फक्त बँकेतून निवृत्त होतो.

काकांच्या ऑपरेशनचं कानावर आलं असेल. कंपवातासाठी मेंदूत दोन तारा घातल्यात, छातीत कातडीखाली काडेपेटीएवढी बॅटरी आहे आणि डॉक्टर बाहेरून करंट कमी-जास्त करतात. (लोकलमध्ये एका गृहस्थांना हे समजावण्याच्या नादात माझं बराकपूर निघून गेलं. तिथे कशाला चाललो होतो ते आता आठवत नाही.) पाच वर्षं अंगठा उठवणारे काका सही करायला लागले. पेन्शनच्या बँकेने ती जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि माणूस तोच असल्याचं मान्य केलं. घरात तेवढ्याने भागलं नाही. काका गुणगुणायला लागले. मला ‘बाळा’ म्हणाले. विनीताकाकू घाबरली.

ऑपरेशनच्या आधी काकांनी स्टँपपेपरवर अंगठा उठवून लिहवून ठेवलं होतं (तो आणायला एस्प्लनेडला मीच गेलो होतो, रस्त्यावर एकजण चाळीस रुपयांत न फाटणारी छत्री विकत होता, ती फाटेपर्यंत थांबलो म्हणून उशीर झाला) की यंत्र बसवल्यावर मी काही देऊ केलं, सोडलं किंवा कबूल केलं, तर ते माझं धरू नये, विनीताचं मत अंतिम. करंटच्या भरात घर कुणाला तरी देऊन टाकू, अशी त्यांना भीती होती. घर त्यांनी दिलं नाही. भाऊबिजेच्या सकाळी एकटेच खाली उतरले, पलीकडच्या गल्लीत एका बंगाली घराचं दार उघडं दिसलं तिथे शिरले आणि भाईफोंट्यासाठी, म्हणजे इथल्या भाऊबिजेसाठी, बसलेल्या तीन भावांच्या शेजारी चौथे जाऊन बसले. त्या घरच्या बाई सत्तरीच्या. दारी आलेला भाऊ परत कसा पाठवायचा, म्हणून त्यांनी काकांच्याही कपाळाला चंदन लावलं, संदेश नावाची मिठाई भरवली. काका रडले, तेही मराठीतून. मी शोधत पोचलो तेव्हा त्या बाईंना सांगत होते, “अकरा वर्षं झाली. आईच्या वेळची ती सही मी एकट्याने करायला नको होती. शकुन यायला निघाली होती, गाडीत होती. थांबायला हवं होतं.”

आजीचं ऑपरेशन नको, घरी नेतो, या कागदावरची ती सही. तेव्हापासून भाऊबिजेला तू चंद्राला ओवाळतेस, हे मला माहीत आहे.

काकूने डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, माणसाचा संकोच असा सुटणं हा करंटचा परिणाम असू शकतो. मात्रा उतरवून पाहू, हात मात्र पुन्हा थरथरेल. झालं, घरात खटला उभा राहिला. काकांचं म्हणणं, मेंदू माझा, संमती माझी. काकू स्टँपपेपर पुढे करते, हीसुद्धा तुमचीच. तो आजारी माणसाने लिहवला, असं काका म्हणाले, तर काकू म्हणते, मग आता बोलतंय ते कोण, तुम्ही की बॅटरी? आणि दोघं माझ्याकडे बघतात. मी बारावी दोनदा दिलेला माणूस. पण मला वाटलं, सही जुळली म्हणून बँकेला चालतो तो माणूस बहिणीची माफी मागायला का चालू नये? आणि पश्चात्ताप करंटचा असेल, तर अकरा वर्षांचा हट्ट कोणत्या बॅटरीवर चालला? हे मी बोलून दाखवलं. काकूने स्टँपपेपरची घडी घातली. मग म्हणाली, “उद्या करंट उतरला आणि हे म्हणाले, मी असं बोललोच नाही, तर शकुनने ते दुसऱ्यांदा कसं सोसायचं?”

त्यावर काकांनीच करंट उतरवायच्या संमतीचा कागद मागून घेतला आणि सही केली. म्हणाले, “उतरवा. मला विचारताय तरी. आईला कुणी विचारलं नव्हतं.”

उद्या सकाळी दवाखान्यात जायचंय. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहान कुणी असेल तर त्याला माझं उदाहरण देऊ नये.

तुझा,
सलील

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तू येशील का? हे मी काकूला न विचारता लिहितोय.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो होतो, वाटेत कॅरम लागला. तोवर करंट उतरलाही. काका पहिल्यासारखे झालेत. सकाळपासून मला दोनदा गाढव म्हणाले. आत्याला बोलवायचं का, असं विचारलं, तर “गरज नाही” म्हणाले. म्हणून पत्र फाडणार होतो. तेवढ्यात त्यांनी पाकीट हातातून ओढून घेतलं. “तुझं अक्षर पोस्टमनला लागायचं नाही,” मला म्हणाले. तीन पाकिटं वाया गेली. चौथ्यावरचा पत्ता हा असा वाकडातिकडा आहे, तो माझ्या हातचा नाही. लिहून होईपर्यंत काकूने पाकीट दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.